धुण्याच्या मशिनातला ठोका

“ही तर आमचे बोटीची मशिन हाय...”

मागच्या पायरीवरून कुणीतरी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालं. माझे हात कोपरापर्यंत साबणात होते. वळून पाहिलं, तर मासळी विकणारी चांगुणा रिकामी पाटी बाजूला ठेवून बसली होती आणि ठोके देणाऱ्या आमच्या धुण्याच्या मशिनाकडे टक लावून पाहत होती.

भुतंखेतं, आत्मे यांवर माझा विश्वास नव्हता. आताही आहे असं म्हणवत नाही. माझं शिक्षण मुंबईत, इंग्रजी शाळेत झालं. कुठलीही गोष्ट घडली की आधी कारण शोधायचं, हेच तिथे शिकवलं होतं. म्हणूनच हे लिहिताना संकोच वाटतो. पण जे झालं ते झालं, आणि ते भर दिवसा, सकाळी दहाच्या सुमारास झालं.

अलिबागला बाबांची कोर्टात बदली झाली, तेव्हा आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. घरात आम्ही दोघंच. बाबा दहाच्या आत बाहेर पडायचे, ते संध्याकाळी यायचे. मला ओळखी करता येत नाहीत. शेजारच्या बायका विचारपूस करायला आल्या, की मी दोन वाक्यांत उत्तरं देऊन गप्प बसायची. हळूहळू त्या येईनाशा झाल्या. माझा मामा बोटीवर नोकरीला. त्याने मला मदत म्हणून विलायतेतलं एक जुनं मशीन आणून दिलं. पांढरी गोल टाकी, मधे कपडे घुसळणारा दांडा, वर पिळायचे दोन रबरी रूळ. आमच्या आळीत असं मशीन दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. ते मागच्या पडवीत ठेवलं होतं. तिथून कोळीवाडा आणि त्यापलीकडची खाडी दिसायची.

सोमवारी आणि गुरुवारी धुणं. त्याच वेळी चांगुणा बाजार आटपून उभ्याउभ्या पाणी पिऊन जायची. महिनाभरानंतर मशीन वाजायला लागलं, तेव्हापासून ती पायरीवर टेकू लागली. टक् टक् टक् टक्... मग एक ठोका गाळल्यासारखी जागा, आणि पुन्हा चार ठोके.

“चार मारते, पाचवा खाते,” चांगुणा म्हणाली. “आमची मशिन तशीच बिघडली व्हती. मी नवऱ्याला म्हणायची, नीट कर रे. तर म्हणायचा, तुला वळखू येते ना? मग राहू दे.”

तिचा नवरा गेल्या हंगामात बोट घेऊन गेला, तो आला नाही. बाकीच्या बोटी आल्या.

“दीर म्हणतो, दिवस घालू, बांगड्या उतरव,” ती म्हणाली. “मी ऐकते हाय तवर न्हाय उतरवायची.”

मी खाली मान घालून सदरा रुळांतून पिळत राहिले. ती हसली. “शाळेत बोलाया न्हाय शिकवलं का गो तुला?”

बाबांना आवाजाचं सांगितलं. “मग मामाला लिही, परत घेऊन जा म्हणून,” ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले. मी लिहिलं नाही. मशिनाबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक घेऊन बसले. सोमवारी, चांगुणा पायरीवर असताना, आधी टाकी रिकामी करून चालवली. आवाज होताच, म्हणजे कपड्यांचा दोष नाही. दुसऱ्या दिवशी पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या घालून मशीन सपाट केलं. मोटरचा पट्टा काढून नुसती मोटर चालवली. गप्प. पट्टा पुन्हा चढवला. तरी गप्प! मोटरचा एक नट किंचित सैल होता, तो पान्याने आवळला आणि मला फार अभिमान वाटला.

त्याच वेळी तो नट पुन्हा सैल करावासाही वाटला. हे लपवून काय करू... आठवड्यातून दोनदा कुणीतरी माझ्या पायरीवर बसत होतं ते त्या आवाजासाठी. आवाज गेला, की तीही जाणार.

गुरुवारी चांगुणा आली, टेकली, आणि टक् टक् टक् टक्...

शुक्रवारी बाजारातला वायरमन आला. त्याने तासभर मशीन चालवलं. एक ठोका नाही.

“ठणठणीत आहे हो ताई,” तो म्हणाला. “तुम्हीच पुस्तक वाचून वाचून तिला आजार लावलात.”

तो गेल्यावर मी पुस्तक मिटलं आणि नीट विचार केला. पट्टा, नट, पाणी, कपडे, फरशी, सगळं तपासून झालं होतं. वार तेवढे बदलत होते. आणि वाराबरोबर बदलणारी गोष्ट एकच होती.

सोमवारी मी मशीन चालू केलं. चांगुणा पायरीवर, ठोके सुरू. “मावशी, विहिरीवरून कळशी आणता?” मी म्हटलं. ती उठून अंगणापलीकडे गेली आणि ठोके थांबले. परत येऊन बसली, सुरू झाले. दुसऱ्यांदा मी तिला फाटकाशी पाठवलं. तेच झालं. तिसऱ्यांदा काही सांगायचा धीर झाला नाही. ऊन चांगलं तापलं होतं. तिला मात्र यातलं काही सांगितलं नाही.

पुढच्या गुरुवारी ती पाटी न घेता आली. दिराने बांगड्या उतरवायचा दिवस ठरवला होता. “आज नुसती ऐकाया आली,” ती म्हणाली.

मी मशीन चालू केलं. ठोके आले, नेहमीसारखे. थोड्या वेळाने ते लांब लांब पडू लागले. मी वाकून टाकीत पाहिलं. दांडा त्याच वेगाने घुसळत होता, बाबांचे सदरे तसेच फिरत होते. आवाज तेवढा मंदावला होता.

चांगुणा उभी राहिली. “मशिन बारीक केली,” ती हळूच म्हणाली. “खाडीत शिरला.”

टक्... टक्... मग काहीच नाही. फक्त पाण्याची खळखळ.

“बंद केली,” ती म्हणाली. “लागली बोट.”

मी खाडीकडे पाहिलं. भरतीचं पाणी होतं. एकही बोट येत नव्हती. चांगुणाने तिकडे पाहिलंदेखील नाही. ती डोळे मिटून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. दमून घरी आलेल्या माणसाला दार उघडावं, तसा तो चेहरा होता.

त्यानंतर मशीन कधीच वाजलं नाही. मामाला विचारलं, वायरमनला पुन्हा बोलावलं, पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. मी आवळलेला नट तसाच घट्ट आहे. एका बाईच्या बसण्याने लोखंड का वाजावं, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं, तर जरूर कळवा.

पण त्या दिवशी मी उत्तर शोधत नव्हते. चांगुणाने पदर सावरला. “येते गो,” म्हणाली आणि पायऱ्या उतरली. तिला आता इथे यायचं कारण उरलं नव्हतं. ती फाटकापर्यंत पोचली. मी मशिनाशीच उभी होते. तिने कडी काढली, तेव्हा मी ओल्या हातांनीच अंगणात धावले आणि शेजारच्या बायकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

“मावशी, आवाज नसला तरी येत जा!”