विरोधी पक्ष आणि पुलाची लिफ्ट

पादचारी पुलाचा जिना जिथे फुटपाथवर उतरतो, तिथेच त्यांचं सलून आहे. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, भिंतीला अडकवलेला पंखा आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. दारावर नावाची पाटी आहे, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारत नाही. अख्खी गल्ली त्यांना विरोधी पक्ष म्हणते, कारण सरकारनं काहीही केलं तरी ते त्याच्या विरोधात असतात. नवे वीजमीटर बसले, ते विरोधात. चौकात कॅमेरे लागले तेव्हा म्हणाले, चोर आता सगळ्यांना दिसतो, धरत मात्र कुणीच नाही. बसथांब्यावर पुढची बस कधी येणार ते सांगणारी पाटी लागली, तेव्हा त्यांचं म्हणणं पडलं की बस यायची तेव्हाच येते, फक्त उशीर किती तो आता लेखी मिळतो.

सलूनवाल्याशी वाद घालणं अवघड असतं. मान हलवायची नाही, तोंडाला फेस, गळ्याशी वस्तरा. गिऱ्हाईक नुसतं ‘हं’ म्हणतं आणि विरोधी पक्ष तेच बहुमत धरून पुढच्या मुद्द्याकडे वळतात. बोलतात तेही आरशातून. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे थेट न पाहता आरशातल्या डोळ्यांशी बोलायची त्यांना उभ्या आयुष्याची सवय. हात आपलं काम करत असतात आणि तोंड आपलं.

पण गेल्या वर्षापासून त्यांचं बोलणं कुठूनही सुरू झालं तरी एकाच ठिकाणी येऊन थांबू लागलं, ते म्हणजे पुलाची लिफ्ट.

रस्ता रुंद झाला तेव्हा मधे लोखंडी कठडा आला आणि पायी ओलांडायची सोय गेली. त्याच्या बदल्यात हा पूल आणि दोन्ही टोकांना लिफ्ट. लिफ्ट काही महिने गुण्यागोविंदानं चालली. मग अलीकडची बंद पडली. बंद म्हणजे अंधार, कुलूप, तसलं काही नाही. आत दिवा लागतो, पंखा फिरतो. बटण दाबलं की दार लागतं, लिफ्ट थोडा वेळ विचार करते आणि दार पुन्हा उघडतं. आपण होतो तिथेच असतो. आत भिंतीवर एक पडदा आहे, तो मात्र ठणठणीत. त्यावर सरकारी जाहिराती चालतात आणि त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे अवकाशयानाची. धूर निघतो, आकडे उलटे मोजले जातात, यान वर जातं, माणसं टाळ्या वाजवतात. मग दार उघडतं आणि माणूस फुटपाथवर.

विरोधी पक्षांच्या तळपायाची आग मस्तकात जायला एवढं पुरेसं होतं. पण खरं दुखणं त्यांच्या बायकोचं होतं. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. आणि तिची थोरली बहीण राहते बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, तळमजल्यावर.

किती वर्षं ती दुपारचं आवरलं की ताईकडे जायची. दोघी स्वयंपाकघरात गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. पुढे ताईला ऐकू येईना. सरकारी शिबिरात कानाचं यंत्र मिळालं, ते शिट्टी मारायचं, म्हणून ते डबीत गेलं. फोनवर तर नुसता आनंद. इकडून विचारावं पाय कसा आहे, तर तिकडून उत्तर यायचं, हो, जेवले. ताईशी बोलायचं तर शेजारी बसून डाव्या कानाशी तोंड नेऊन सावकाश बोलावं लागतं, आणि तेवढा धीर धाकट्या बहिणीशिवाय कुणाकडे नव्हता. सून वाईट नव्हती, पण ती कागदावर लिहून समोर धरायची. कागदावर किती बोलणार माणूस? ताई हळूहळू गप्प होत गेली.

लिफ्ट बंद पडल्यावर दोघींनी एक तोडगा काढला. दुपार कलली की ताई दारात खुर्ची टाकून बसायची आणि ही सलूनच्या दारात येऊन उभी राहायची. मधून ट्रक, बस, मोटारी. दोघी हात हलवायच्या. कधी एखादी बस मधेच थांबून राहायची, मग तेवढंही व्हायचं नाही.

रिक्षानं एकदा जाऊन पाहिलं. कठड्याला फट कुठे आहे ते शोधत रिक्षा पार उड्डाणपुलाच्या शेवटाला गेली, तिथून वळली आणि खणलेल्या रस्त्यावरून हादरे देत परत आली. ताईकडे पोचेपर्यंत हिच्या गुडघ्यानं राम म्हटला होता. बहिणीशी बोलायचं सोडून ती पाय धरून बसली आणि पुढचे कितीतरी दिवस अंथरुणावर होती.

विरोधी पक्ष हातावर हात धरून बसले नव्हते. शेजारच्या झेरॉक्सवालीनं त्यांच्या फोनवर तक्रारीचं सरकारी ॲप घालून दिलं. फोटो काढला, तक्रार केली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, आपण समाधानी आहात का? त्यांनी ‘नाही’ दाबलं. फोननं अभिप्रायाबद्दल आभार मानले. त्यांनी पुन्हा तक्रार केली, पुन्हा ती सुटली. झेरॉक्सवाली म्हणाली, काका, तुमच्यासारखं समाधान साऱ्या गावात कुणाला मिळत नसेल. शेवटी कुठल्याशा कचेरीत फोन लागला. तिथला माणूस फार गोड बोलला. लिफ्टमधला दिवा आणि पडदा चालू आहेत हे त्याला तिथे बसून दिसत होतं, त्यामुळे लिफ्ट चालू आहे असं तो खात्रीनं सांगत होता. विरोधी पक्षांनी कपाळाला हात लावला. हा हात त्याला तिथे बसून दिसायची सोय नव्हती.

त्या रात्री जेवताना ते यंत्रांवर, इंजिनियरांवर, यानावर तावातावानं बोलत होते. बायकोनं ताट बाजूला सारलं.

“तुम्ही दिवसभर बोलता,” ती म्हणाली. “येईल त्याच्याशी बोलता. मी बोलायची ती एका माणसाशी. तेवढं पण गेलं माझं.”

त्यांनी तिचं ताट पुन्हा पुढे सरकवलं. पण राग कुठेतरी काढायलाच हवा होता, आणि तो निघाला ताऱ्यांच्या साहेबांवर.

ताऱ्यांचे साहेब म्हणजे टेकडीवरच्या सरकारी वेधशाळेतले शास्त्रज्ञ. दर महिन्याला केस कापायला यायचे. हळू बोलणारे, पाय जुळवून बसणारे, आणि सगळ्या अंगाचा रुबाब जणू एका मिशीत साठवलेला. अशी भरघोस मिशी त्या बाजारपेठेत दुसरी नव्हती. यान उडवण्याशी त्यांचा संबंध नव्हता, हे त्यांनी मागे दोनतीनदा सांगून पाहिलं होतं. पण विरोधी पक्षांच्या लेखी आकाशातलं सगळं एकाच खात्याचं.

केस झाले, मिशी बारीक करायची होती. विरोधी पक्षांनी ट्रिमर उचलला आणि आरशातून विचारलं, आकाशात काय नवीन? साहेब बिचारे खुलले. सांगू लागले की परवाच एका ताऱ्याचा उजेड टिपला, तो उजेड तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता.

“म्हणजे माणूस नव्हता तेव्हाचा उजेड तुमच्यापर्यंत पोचतो,” विरोधी पक्ष म्हणाले, “आणि माझी बायको समोरच्या फुटपाथवर पोचत नाही.”

बाकावरचे दोघेतिघे हसले. त्यामुळे विरोधी पक्षांना आणखी चेव आला. पडदा, यान, टाळ्या, ॲप, कचेरीतला गोड माणूस, सगळं ते आरशातल्या त्या दोन डोळ्यांना सुनावत होते. आणि बोलण्याच्या भरात एक गोष्ट राहून गेली. मिशी बारीक करताना ट्रिमरच्या पात्यावर प्लास्टिकची कंगवी चढवावी लागते. ती कंगवी मानेवरचे केस काढताना त्यांनी उतरवली होती, ती तशीच फळीवर पडली होती. हात सवयीनं ओठाकडे गेला आणि एका फटक्यात साहेबांची उजवी मिशी फडक्यावर येऊन पडली.

विरोधी पक्षांनी कितीतरी दिवसांनी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे थेट पाहिलं. साहेबांनी आरशात पाहिलं, मान या बाजूला केली, त्या बाजूला केली.

“दुसरीही काढा,” ते म्हणाले. “ती एकटी काय करणार आहे?”

विरोधी पक्षांनी ती काढली. मिशीखालचा ओठ पांढरा फटक, वर्षानुवर्षं ऊन न पाहिलेला. साहेबांनी स्वतःचाच चेहरा ओळखीचा वाटतो का ते बघत असल्यासारखं त्यावरून बोट फिरवलं. मग अंगावरचं फडकं काढता काढता ते सांगू लागले, तक्रारीच्या सुरात नव्हे, आपलं असंच. वेधशाळेच्या घुमटाची मोटर जळून कधीचीच पडली आहे. छत अर्धवट उघडतं आणि अडकतं. आकाशाची एक फोड दिसते, तिच्यात जो तारा आपणहून येईल तो बघायचा. नवीन मोटरचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय. तोवर ते आणि त्यांचा मदतनीस मिळून घुमट खांद्यानं ढकलतात.

“मग पैसा जातो कुठे?” विरोधी पक्ष जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाले. भांडायला एक माणूस सापडला होता, तोही आता आपल्याच बाकावरचा निघाला होता.

“मलाही तेच विचारायचं असतं. पण माझ्या हातात वस्तरा नसतो ना.”

घरी त्यांनी हे बायकोला सांगितलं, तेव्हा ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. मग म्हणाली, अहो, पण त्या माणसाला घरात घेतलं असेल ना बायकोनं?

पुढच्या खेपेला साहेब आले तेव्हा मिशीच्या जागी भुवई उगवल्यासारखी दिसत होती. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी बातमी दिली. मंत्री येणार होते. वेधशाळेची मोटर रातोरात आली होती, घुमट त्यांच्या हातानं उघडायचा होता. आणि टेकडीवर जाताना मंत्री या पुलावर थांबून लोकांसाठी केलेल्या सोयींची पाहणी करणार होते, फोटोवाल्यांसकट.

“त्या दिवशी तुमची लिफ्ट चालेल,” साहेब म्हणाले. “वहिनींना तयार ठेवा.”

तसंच झालं. आदल्या दिवशी माणसं आली, लिफ्टच्या पोटात शिरली, काळी होऊन बाहेर पडली. पायऱ्या धुतल्या गेल्या. त्या दिवशी सकाळी लिफ्टपाशी गणवेशातला एक माणूस स्टुलावर बसलेला होता. सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, फोटोत यायचं म्हणून जो तो दाढी करायला आलेला. एकाच्या गालावर साबण तसाच ठेवून विरोधी पक्ष बायकोला लिफ्टपर्यंत सोडायला गेले. तिच्या हातात बऱ्यापैकी फुगलेली पिशवी होती. एवढं काय घेतलंस म्हणून त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, असू दे. दार लागलं. लिफ्टनं विचार केला. आणि चक्क वर गेली. विरोधी पक्ष मान वर करून बघत राहिले. मग पलीकडच्या लिफ्टनं ती खाली उतरली, आणि दारातल्या खुर्चीवरून ताई उठायची धडपड करते आहे हे त्यांना एवढ्या रहदारीतूनही दिसलं.

मंत्री आले, पाहिलं, गेले. संध्याकाळी दुकान आवरून विरोधी पक्ष बायकोला आणायला निघाले, तर गणवेशातला माणूस नव्हता आणि स्टूलही नव्हतं. त्यांनी आत जाऊन बटण दाबलं. दार लागलं, पडद्यावर यान वर गेलं, टाळ्या झाल्या, दार उघडलं.

ते पायऱ्या चढून गेले. वाटेत एकटेच बोलत होते. आता मंत्र्याला रोज आणायचा का, की पुलावरच बांधून ठेवायचा त्याला? ताईच्या घरी पोचले तेव्हा दम लागला होता. स्वयंपाकघरात दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या आणि बायकोचं तोंड ताईच्या डाव्या कानाशी होतं. ताई बोलत होती. किती दिवसांचं साठलेलं बोलत होती, पाण्याचा नळ उघडा राहावा तशी. सून दारात उभी राहून नुसतं ऐकत होती.

लिफ्ट पुन्हा गेली म्हणून त्यांनी सांगितलं. रिक्षा आणतो म्हणाले. बायकोनं नको म्हणून मान हलवली. तिनं पिशवीतून औषधाच्या गोळ्या, पांघरूण, चष्म्याची डबी, सगळं काढून आधीच फळीवर मांडून ठेवलं होतं.

“अगं, पण माझं काय?” ते म्हणाले.

“तुमचे पाय चालतात,” ती म्हणाली. “या की रोज जेवायला इकडे.”

यावर ते बोलणार होते. वेधशाळेचा घुमटही उघडला खरा, पण आता बंद होत नाही आणि साहेबांनी दुर्बिणीवर ताडपत्री टाकली आहे, हे त्यांना निघताना फोनवर कळलं होतं, तेही सांगायचं होतं. पण ताईनं त्यांचा हात धरला होता.

“काय म्हणता भाऊजी?”

बहिरेपणापुढे भाषण चालत नाही. ते खाली वाकले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि सावकाश म्हणाले, “लिफ्ट परत बंद पडली, ताई.”

ताईनं धाकट्या बहिणीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“राहू दे मेली बंद,” ती म्हणाली. “तक्रार नका करू.”

विरोधी पक्ष चटईवर बसले. पाय भरून आले होते आणि परत जाताना तोच जिना होता.