डाव्या पानावरचे तेरा

आधी हातातला चहा संपवा, मग सांगते. मागच्या वेळी हा किस्सा सांगत होते तेव्हा आमच्या मावशीच्या नाकातून चहा आला आणि तिने दोष मला दिला! तर या फजितीला माझ्याशिवाय कुणीही जबाबदार नाही, हे मी सुरुवातीलाच कबूल करते. असं वाक्य माझ्या तोंडून फार क्वचित निघतं. ऐकून घ्या.

मी तेव्हा यवतमाळला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते. घर राळेगाव तालुक्यात, कापूस-सोयाबीनची शेती. मी होस्टेलवर. होस्टेलचा नियम असा की एका जरी विषयात नापास झालात तर सामान बांधा. सामान बांधलं की रोज एसटीने जाणं-येणं, आणि आमच्या गावची पहिली गाडी यवतमाळला पोचते तोवर कॉलेजचे दोन तास होऊन गेलेले असतात. म्हणजे सीट गेली की शिक्षण गेलंच समजा.

अकाउंटिंग शिकवायला होते ढोले सर. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, चाल बैलगाडीची, आणि बोलणं त्याहून सावकाश. मला म्हाताऱ्या माणसांचा हा सावकाशपणा सोसत नाही. अरे, मुद्द्यावर या ना!

पहिल्या दिवशी सरांनी धडा काढलाच नाही. नियम वाचले. पाऊण तास!

"ऐंशी मार्क विद्यापीठाचे, वीस माह्या हातातले. वीसात आठ पायजे. आठ नसले तं तिकडे ऐंशीपैकी ऐंशी आणा, नापासच. आता वीसाची फोड ऐका. हजेरी पाच, चाचण्या पाच, वही पाच, तोंडी पाच. वही हातानं लिहायची. रेघा पेन्सिलीनं. अन् एकदा देल्लेला मार्क कायमचा नसते बरं. मी वापसही घेत असतो."

माझा हात वर. "सर, आता सगळं कॉम्प्युटरवर होतं. हाताने वही कशाला?"

"लाईट गेली का मंग?"

"लाईट आल्यावर करायचं, सर!"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. माझ्याजवळ आले आणि हातातला खडू माझ्या हातात ठेवला.

"खडू कोणी घेतला?"

"मी."

"मंग तुह्या नावे. देल्ला कोणी? म्या. माहं जमा. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याचं जमा. डाव्या हाताले नावे, उजव्या हाताले जमा. सारं अकाउंटिंग इतकंच हाय पोरी, बाकीचा पसारा हाय."

आता खरं सांगू? तो खडू मुठीत धरून मी पंचाहत्तर टक्के हजेरीच्या नियमावर काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करत होते. खडूचं कोण ऐकतं?

सरांकडे एक लांबडी, लाल कापडाच्या बांधणीची वही होती. बाजारात अडत्याच्या गादीवर असते ना, अगदी तश्शी. सगळं कॉलेज मार्क कॉम्प्युटरमध्ये भरायचं. सर आधी त्या वहीत लिहायचे. प्रत्येक पोराचं एक खातं. कुणी हसलं तर म्हणायचे, "जे शिकवतो ते सोता पाळू नये काय?"

वही ते कधी कुणाला दाखवत नसत. पण तोंडी परीक्षेच्या आठवडाभर आधी ती टेबलावर उघडी ठेवून सर प्राचार्या मॅडमकडे गेले. मी पहिल्या बाकावर. आता तुम्हीच सांगा, उघडी वही समोर असताना डोळे मिटून बसणारी मी आहे का?

माझं पान काढलं. बारीक किरट्या अक्षरातल्या नोंदी काही वाचता येईनात. पण खालच्या बेरजा ठळक होत्या. डावीकडे, नावे: तेरा. उजवीकडे, जमा: दोन.

दोन!

दोन अधिक तोंडीचे पाच, पैकीच्या पैकी मिळाले तरी सात. पासिंग आठला! म्हणजे मी नापास झालेच होते, फक्त मला कुणी कळवलं नव्हतं. आणि नावे तेरा म्हणजे काय? माझ्या नावे तेरा गुन्हे!

पुढचं पान निलेशचं. हा निलेश म्हणजे कँटीनचा कायमचा रहिवासी. वर्गात आला की सर त्याला "पाहुणे" म्हणायचे. त्याची बेरीज: नावे नऊ, जमा सात.

सात! ज्याची वही अजून कोरी होती, त्याला सात? आणि मला, जिने वीसच्या वीस उदाहरणं सोडवली, दोन? मी पटापट फोटो काढले आणि सर यायच्या आत वर्गाच्या ग्रुपवर टाकले. वर लिहिलं, "हाच का न्याय?"

अर्ध्या तासात वर्ग पेटला. आणि निलेशने सगळ्यांना समोसे दिले.

"मले सात भेटले बे!" तो भरल्या तोंडाने म्हणाला. "सर वरून कडक दिसते, पण मनाचा राजा माणूस हाय."

"लाज नाही वाटत? वही कोरी आणि सात मार्क?"

"टॅलेंट हाय माह्यात. त्यायले दिसलं, तुले नाही दिसत."

मी अर्ज लिहिला. दोन पानी! त्यात 'मनमानी' हा शब्द चार वेळा होता आणि 'कालबाह्य' तीन वेळा. सगळ्या वर्गाने सह्या केल्या, निलेश सोडून. "मी काहून सही करू? माहे सात जातीन ना!"

प्राचार्या मॅडमनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. "उद्या वडिलांना घेऊन ये," म्हणाल्या.

बाबा सातवी शिकलेले. दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरले ते हातात भली मोठी पिशवी घेऊन. तुरीच्या हिरव्या शेंगा!

"बाबा, आपण भांडायला चाललो. शेंगा कायले?"

"भांडण झाल्यावर भूक लागते माणसाले."

"सरांना द्यायच्या नाहीत हं! सांगून ठेवते."

"बरं बाप्पा."

ऑटोत मी त्यांना सगळं शिकवून ठेवलं. तुम्ही काही बोलू नका. मी बोलते. तुम्हाला अकाउंटिंगमधलं कळणार नाही. फक्त माझ्या बाजूला ताठ उभे राहा. बाबा मान हलवत होते. बाहेर कपाशीने भरलेल्या गाड्या दिसल्या की तिकडे बघून पुन्हा मान हलवत होते, त्यामुळे कोणती मान माझ्यासाठी आणि कोणती कापसासाठी, हे काही कळेना.

मॅडमच्या केबिनमध्ये ढोले सर आधीच बसले होते. मांडीवर लाल वही. दाराशी निलेश उभा, 'सात मार्कांचा साक्षीदार' म्हणून मीच त्याला ओढून आणलेला. माझी तोफ सुरू झाली. वीस उदाहरणं, पूर्ण हजेरी, दोन्ही चाचण्या. दोन मार्क! पक्षपात! मनमानी! माझी होस्टेलची सीट जाईल, त्याला जबाबदार कोण? बोलता बोलता माझा आवाज चिरकला, डोळे भरून आले. खोटं नाही सांगत, मी खरंच घाबरले होते.

मॅडम म्हणाल्या, "सर, वही दाखवा."

वही टेबलावर उघडली गेली. मी बोट ठेवलं. "बघा बाबा! हे बघा, दोन!"

बाबा वाकले. खिशातून चष्मा काढला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, अशा नजरेने की जणू मी सोयाबीनच्या शेतात जाऊन विचारलं असावं, गहू कुठाय.

"अवं, तुले तं तेरा देल्ले सरानं."

"बाबा, तुम्ही बोलू नका म्हटलं ना!"

"अवं पण वही कोनाची? सराची. मी बियाणं आनलं का दुकानदार माह्या नावे लिहिते, डावीकडं. वापस केलं का जमा, उजवीकडं. तसंच हाय हे. मार्क देल्ले सरानं, घेतले तू. मंग तुह्याच नावे लिहिन ना त्यो? तेरा देल्ले, दोन वापस घेतले. अकरा झाले तुहे."

भिंतीवरचं घड्याळसुद्धा माझ्याकडे बघत होतं.

घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याचं जमा. पहिला दिवस. खडू. माझ्या मुठीत होता तो खडू!

"दोन कायचे घेतले वापस, सर?" बाबांनी आपुलकीने विचारलं.

सरांनी बारीक अक्षरावर बोट फिरवलं. "एक, पेनानं रेघा मारल्याबद्दल. एक, चालू तासात वाद घातल्याबद्दल."

"वाद एकच?" बाबांना खरोखर आश्चर्य वाटलं.

एवढ्यात दारातून कण्हल्यासारखा आवाज आला. निलेश बोटांवर काहीतरी मोजत होता. "सर... मले नऊ देल्ले अन् सात वापस घेतले? म्हंजे माहे दोन?"

"या पाहुणे. दोनच. वही पुरी करून आना, मंग पाहू."

"अन् माहे समोशाचे पैसे?"

मॅडमनी तोंडावर फाईल धरली. त्या खोकत होत्या की हसत होत्या, हे मी आजवर विचारलेलं नाही.

मी पुटपुटले, "सर, माझं चुकलं. मी अर्ज परत घेते."

"घे ना. पण तोंडी परीक्षा बाकी हाय तुही. मॅडमसमोरच होऊन जाऊ दे." सरांनी बाबांच्या पायाशी ठेवलेली पिशवी पाहिली. "भाऊ, काय हाय त्याच्यात?"

बाबांनी माझ्याकडे अपराध्यासारखं पाहिलं आणि पिशवी सरळ सरांच्या हातात दिली. म्हणजे एसटीत बसल्यापासून त्यांचा हाच बेत होता! "घरच्या तुरीच्या हाय जी. उकडून खा, मीठ टाकून."

"वा! तं पोरी, शेंगा घेतल्या म्या, देल्ल्या तुह्या बाबानं. नावे कोणाच्या?"

इतका सोपा प्रश्न! आता तरी दाखवून द्यावं म्हणून मी विचार न करता, तडफदारपणे, छाती काढून सांगितलं, "बाबांच्या नावे! तुमचं जमा!"

निलेशनेसुद्धा कपाळाला हात लावला. निलेशने!

"सराच्या नावे वं," बाबा हळूच म्हणाले. "घेनारा सर हाय."

सरांनी माझ्या पानावर काही लिहिलंच नाही. ते शून्य होतं, त्याला शाई कशाला? मग वहीचं शेवटचं कोरं पान काढलं, पेन्सिलीने मधोमध रेघ मारली आणि वर बाबांचं नाव घातलं. डावीकडे लिहिलं: तोंडी परीक्षेचे मार्क, पाच. उजवीकडे: तुरीच्या शेंगा, पिशवी एक.

"सर," मॅडम गडबडून म्हणाल्या, "इकडे मार्क, तिकडे शेंगा, हे काही बरं दिसत नाही."

"हिशेब हाय मॅडम. जसा हाय तसाच दिसते."

मी अकरा मार्कांवर पास झाले. सीट राहिली. निलेशने आठवडाभर होस्टेलच्या गेटबाहेर उभं राहून माझी वही उतरवून घेतली, पेन्सिलीच्या रेघांसकट, आणि काठावर का होईना पण सुटला.

आणि बाबा? आता माझं शिक्षण संपलं, तरी गावात कुणीही विचारू द्या, "काय मंग, पोरीचं कसं झालं कॉलेज?" ते खाटेवर सरकून जागा करतात, चष्मा पुसतात आणि अगदी सावकाश सांगतात, "हुशार हाय पोरगी. वीसातून अकरा भेटले तिले. मले पाचातून पाच. शेकडा तुमीच काढा."