मीठ पडेपर्यंत

एल्मर निएमीच्या मोटरसायकलला कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही. हात कशाला, नुसतं बोट टेकवलं तरी खिशातून फडकं काढून तो ती जागा पुसायचा, आणि तेही आपल्या देखत. काळी, जुनी, जडशीळ गाडी. टाकीत बघून दाढी करावी इतकी लख्ख. बारमध्ये आम्ही त्याला छेडायचो, "एल्मर, बायकोला एवढं जपलं असतंस तर ती फ्लोरिडाला निघून गेली नसती." तो बिअरचा घोट घ्यायचा आणि म्हणायचा, "गाडी टोमणे मारत नाही." कागदाच्या गिरणीत यंत्रांना तेलपाणी करण्यात त्याची हयात गेली. निवृत्त झाल्यावर उरलेलं सगळं तेलपाणी त्यानं या एका गाडीला केलं.

मी गॉर्डी. काउंटीच्या रस्ते खात्यात ट्रक चालवतो. उन्हाळ्यात खड्डे बुजवायचे, हिवाळ्यात बर्फ बाजूला ढकलायचा आणि उरलेला वितळावा म्हणून मीठ टाकायचं, हे माझं काम. आमच्या उत्तर विस्कॉन्सिनात मोटरसायकलींचा सीझन कधी संपला हे कॅलेंडरला विचारत नाहीत, मला विचारतात. थंडीला इथं कुणी भीत नाही. कोटाच्या आत वर्तमानपत्र कोंबून, दोन-दोन मोजे चढवून नोव्हेंबरातही लोक दिवसभर भटकून येतात. पण माझ्या ट्रकमधून पहिलं मीठ रस्त्यावर पडलं की खलास. बॅटरी काढून घरात, गाडीवर जुनी रजई, आणि मग एप्रिलचा पाऊस रस्ते धुऊन काढेपर्यंत गॅरेजचं दार बंद. मिठावरून गाडी नेणं म्हणजे जेवत्या ताटात थुंकणं. क्रोम सोलून काढतं ते, लोखंड आतून खातं. म्हणून दर हिवाळ्याच्या तोंडाला अख्खं गाव मला शिव्या घालतं, आणि सगळ्यांत आधी एल्मर घालायचा.

त्या वर्षी मात्र त्यानं शिव्या घातल्या नाहीत. त्यानं माझ्यापुढे हात जोडले. आणि ते गाडीसाठी नव्हतं.

एल्मरची एकुलती एक मुलगी, ट्रिना. मिलवॉकीत दातांच्या दवाखान्यात कामाला होती. तिथलं लग्न मोडलं, नोकरी सुटली, आणि ती बापाकडे परत आली. आली म्हणजे खोलीत शिरली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. हिवाळा वाढत गेला तशी ती अजूनच मिटत गेली. फेब्रुवारीत एका दुपारी मी गोठलेल्या तळ्यावर माझ्या खोपटात, बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलो होतो, तर लांबून कुणीतरी चालत जाताना दिसलं. कोट नाही, टोपी नाही, पायात घरातल्या सपाता. तळ्याच्या ज्या टोकाला ओढा मिळतो तिथं बर्फ पातळ असतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ती सरळ तिकडे निघाली होती. मी धावलो. तिला उचलून आणताना ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "गॉर्डी, तुझा मासा सुटेल."

उन्हाळा कसाबसा गेला. सप्टेंबरात एल्मरनं काय डोकं चालवलं कोण जाणे, तिला गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं. ज्या सीटला तो कुणाचं बूड टेकू देत नसे, तिथं. आणि त्या पोरीत जीव आला. ऑक्टोबरात एका शनिवारी मीही माझं खटारं काढून त्यांच्याबरोबर गेलो. हवा अशी स्वच्छ की दात शिवशिवावेत. दलदलीतली टॅमरॅकची झाडं पिवळीजर्द, मेपलची पानं निम्मी खाली. समोरून येणारा प्रत्येक मोटरसायकलवाला डावा हात खाली सोडून सलाम करत होता, आणि ट्रिना प्रत्येकाला उलट सलाम ठोकत होती, एकही सोडत नव्हती. मोठ्या सरोवराच्या काठी एका खाणावळीत थांबलो. बोटं कॉफीच्या कपाभोवती शेकत बसलो. तिनं ब्लूबेरीचा केक संपवला आणि मग बापाच्या बशीत काटा घातला.

"ए, तो माझा आहे," एल्मर म्हणाला.

"तुझं पोट बघ, डॅड. मागून हात पुरत नाहीत मला."

एल्मर माझ्याकडे बघून डोळे मिचकावत राहिला. मग उठून पाठ फिरवली आणि खिडकीतून उगाच सरोवर बघत बसला. त्याला काय झालं ते मला कळलं. रडू लपवायचं असलं की माणूस सरोवर बघतो.

तेव्हापासून त्यानं एक कोरडा दिवस सोडला नाही. मला म्हणायचा, "घरात असते तेव्हा ती आहे की नाही तेच कळत नाही रे. गाडीवर असली की तिची बोटं माझ्या कोटात रुतलेली असतात. वळणावर अजून घट्ट धरते. ज्याला मरायचंय तो वळणावर कशाला धरेल? सांग ना." बुडत्याला काडीचा आधार. मी हो हो म्हणत राहिलो.

आणि मग नोव्हेंबर उजाडला. एका संध्याकाळी मी मिठाच्या गोदामापाशी ट्रकला मीठ उडवणारी फवाऱ्याची चकती बसवत होतो, तर एल्मर येऊन उभा.

"गॉर्डी, एच रस्ता सोडून दे."

आमच्या काउंटीतल्या रस्त्यांना अक्षरांची नावं आहेत. एच त्याच्या दारावरून तळ्याला वळसा घालून जातो.

"सोडून दे म्हणजे?"

"तिथं मीठ टाकू नकोस. बाकी गावभर टाक, माझं काही म्हणणं नाही. मला तेवढा एक रस्ता पुरे."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? शाळेची बस जाते त्यावरून."

"मग वाळू टाक."

"पुलावरचा बर्फ वाळूनं वितळतो का? हे मी तुला शिकवू?"

त्यानं मान फिरवली. मिठाच्या ढिगाकडे असा बघत होता जसं त्याच्याशीच भांडण आहे. मग त्यानं खरंच दोन्ही हात जोडले, मोठे, ग्रीस मुरलेले हात. "तूच आणलंस ना तिला उचलून? मग तूच सांग, एप्रिलपर्यंत मी काय करू? गोळ्या चालू आहेत. डॉक्टरबाईंकडे दर आठवड्याला नेतो. त्या म्हणतात, हिवाळा सांभाळा. कसा सांभाळायचा ते कुणी सांगत नाही."

"मिठावरून ने मग गाडी," मी बोलून गेलो. चिडलो होतो.

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या आईला काही बोललोय. तो निघून गेला.

पुढच्या आठवड्यात पहाटे पावसाचा बर्फ झाला. हुकूम आला, मी ट्रक काढला. एच रस्त्याला वळलो तर एल्मर पत्रपेटीपाशी उभा, पायजम्यावर कोट चढवलेला. शिव्या नाहीत, हातवारे नाहीत. दगड मारला असता तर बरं वाटलं असतं. पुढच्या वळणावर बसची वाट बघत पोरं उभी होती. मी चकती चालू केली आणि मीठ टाकत पुढे गेलो.

ट्रिना पुन्हा भिंतीकडे वळली. आधी दुपारी उठायची, मग संध्याकाळी, मग जेवणापुरतीसुद्धा नाही. एल्मरनं तिच्या खोलीबाहेर खुर्ची टाकली आणि तिथंच झोपू लागला. बारमध्ये यायचा बंद झाला. मी सूप घेऊन गेलो की दारातच म्हणायचा, "हळू बोल." घरात आवाज करणारं कुणी नव्हतं, तरी हळू बोल.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास चार दिवस लखलखीत ऊन पडलं. रस्ते कोरडे, पण मिठानं पांढरेफटक. दुपारी मी ट्रकमध्ये सँडविच खात बसलो होतो आणि समोरून मोटरसायकलचा आवाज आला. मला वाटलं कुणी परगावचा येडा असेल. तर एल्मर. मागे ट्रिना, रजईत गुंडाळल्यासारखी. काळी गाडी मिठानं राखाडी झालेली. एल्मरनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी उरलेलं सँडविच परत डब्यात ठेवलं.

संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो तर गॅरेजमधून भांडणाचा आवाज. आवाज ट्रिनाचा होता. किती महिन्यांत तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता.

"अक्कल गहाण ठेवलीस का तू? मिठावर? ही गाडी? लहानपणी मी हिच्यावर ज्यूस सांडला तर दोन दिवस बोलला नव्हतास माझ्याशी."

"राहू दे गं, जाऊ दे," एल्मर पुटपुटत होता.

"जाऊ दे काय? हे स्पोक बघ. रात्रभर असंच राहिलं तर सकाळी गंज धरेल. गरम पाणी आण. आणि तुझा दाढीचा ब्रश."

"दाढीचा?"

"आण म्हटलं ना."

तिनं बाह्या सरसावल्या होत्या. गुडघे टेकून ती एकेक स्पोक घासायला बसली. एल्मर बादली घेऊन माझ्या बाजूनं गेला तेव्हा तो हसत होता की रडत होता हे काही मला कळलं नाही. तो आठवडाभर ती रोज उठली. सायलेन्सर काढला, मडगार्ड उतरवलं, आतून धुतलं, तेलाचा हात फिरवला. गाडी पुन्हा लख्ख झाली. मग करायला काही उरलं नाही, आणि ती परत झोपली.

आता पुढचं ऐका. डिसेंबर सरत आला होता. मी एच रस्त्यावर मीठ टाकत चाललो होतो आणि आरशात बघतो तर मागे एक दिवा. एल्मर. एकटाच. फवाऱ्याच्या इतका जवळ की मिठाचे खडे त्याच्या टाकीवर ताडताड आपटत होते. मी ट्रक थांबवून खाली उतरलो.

"मरायचंय का गाढवा? घसरलास तर चाकाखाली येशील माझ्या."

त्यानं हेल्मेटची काच वर केली. पापण्यांवर दव गोठलेलं. "आज उठली नाही ती. कालही नाही. थांबू नकोस गॉर्डी, टाक. पुढच्या चाकाला अजून नीट लागलं नाही."

ज्यानं उभ्या आयुष्यात त्या गाडीवर धूळ बसू दिली नाही, तो मला सांगत होता की टाक. मी काय करणार? चढलो, गिअर टाकला, आणि मिठाचं बटण एक घर वर केलं. तो मागून मीठ झेलत आला.

मग हे असंच चालू राहिलं. ती दोन दिवस उठली नाही की तिसऱ्या दिवशी आरशात दिवा. तो गाडी बरबटून घरी न्यायचा, ती खवळून उठायची, घासायची, बापाला लाखोली वाहायची, गरम पाण्यानं हात लालबुंद करून घ्यायची. गावातले म्हणत, एल्मरला वेड लागलं. कुणी म्हणालं, पोरीचं बघून बापही गेला. मी ऐकून घेत होतो. खरं सांगायचं तर माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. आरशात दिवा दिसला की भीती वाटायची, आणि नाही दिसला की त्याहून जास्त.

फेब्रुवारी आला. तळ्यावर खोपटी उभी राहिली. मी त्या वर्षी गळ टाकायला गेलो नाही, खोपट नेऊन ओढ्याच्या टोकाअलीकडे, जाड बर्फावर उभं केलं आणि नुसता तिकडे तोंड करून बसायचो. आणि एका दुपारी पेट्रोल पंपावर ट्रिना माझ्या ट्रकपाशी आली. पायी. कोट होता, टोपी होती, मी आधी तेच बघितलं. हाताच्या बोटांना भेगा पडलेल्या.

"उद्या एच रस्त्यावर टाकणार आहेस?"

"बर्फ पडणार म्हणतात. टाकावं लागेल."

"डॅड येतो ना तुझ्यामागून."

मी आकाशाकडे बघायला लागलो. "तुझा डॅड? छे. मला काय माहीत."

"सोंग नको घेऊस, गॉर्डी, जमत नाही तुला. रस्त्यावरचं मीठ खालून लागतं. आरशावर आणि टाकीच्या झाकणात खडे कुठून येतात?"

मी नळी पंपाला अडकवली. विचारलं, "कधीपासून कळलंय तुला?"

"दुसऱ्यांदा घासली तेव्हापासून."

"मग त्याला सांगत का नाहीस?"

ती पंपाच्या खांबावरचा बर्फ नखानं खरवडत राहिली. "सांगितलं तर तो थांबवेल. मग मी कशासाठी उठू? सकाळी दुसरं काही नाहीये माझ्याकडे, गॉर्डी. खरंच नाहीये. शोधते मी, सापडत नाही." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "मागची रिम गेली आतून. स्पोक तुटतायत. असंच चालू राहिलं तर गाडी महिनाभरसुद्धा टिकायची नाही."

"मग?"

"तू जरा कमी टाकशील?" तिनं हात जोडले नाहीत, पण चेहरा अगदी बापाचा होता, गोदामापाशी उभा होता तेव्हाचा. "त्याला कळू देऊ नकोस. थोडं तर लागतंच, नाहीतर घासायला काही राहणार नाही. पण कमी टाक. एप्रिलपर्यंत पुरायला हवी ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ पडला. एच रस्त्याला वळलो, पोरं बसमध्ये चढून गेलेली बघितली, पुलावर नेहमीसारखं भरपूर टाकलं. पूल ओलांडल्यावर आरशात दिवा दिसला. एल्मर हेल्मेटमधून ओरडत होता, हात हलवत होता, अजून, अजून.

मी बटण दोन घरं खाली केलं आणि ट्रक हळू चालवत राहिलो, त्याला मागे राहता यावं म्हणून.