सत्तारची नात

१९९३ साली माझे अब्बा हजला गेले होते. मक्केजवळ मिनाच्या तंबूंत ते पाण्यासाठी रांगेत उभे होते, तेवढ्यात मागून कोणीतरी अस्सल कोकणी मराठीत खेकसलं, "अरं, सरक ना जरा फुडं!" अब्बांना वाटलं, पनवेलकडचा नाहीतर म्हसळ्याचा कोणी असेल. चौकशी केली तर माणूस निघाला केपटाउनचा. त्याला उर्दू येत नव्हती, हिंदी येत नव्हती. इंग्रजी आणि घरात बोलायची कोकणी, बस्स. तिथंच दोघांनी चहा घेतला आणि त्या माणसानं विचारलं, "माझ्या बहिणीची पोर नर्स हाय. बापजाद्यांचा मुलूख बघायचा म्हणती. पाठवू काय?"

"पाठव की," अब्बा म्हणाले. "भिवंडीत आमचं घर हाय."

अशी माणसं बोलतात आणि विसरतात. पण पुढच्या वर्षी दिवाळीनंतर इशरत खाला खरंच आली. तोवर त्यांच्या देशातल्या लोकांना आपल्याकडे येणं सोपं नव्हतं; तिकडे गोऱ्यांचं राज्य गेलं आणि मग वाट मोकळी झाली. तिचं वय चाळिशीच्या आतबाहेर, लग्न झालेलं नव्हतं. उंच, सावळी, पायात पुरुषी बूट. एक मोठी बॅग घेऊन ती एकटीच आमच्या दारात उभी राहिली आणि अम्मीला म्हणाली, "मी आलू. भूक लागली."

अम्मी हसायला लागली. "अगं, ही तर माझ्या नानीसारखी बोलते!"

मी तेव्हा कॉलेजात होते; तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायला लागले. वरची माझी खोली तिला दिली म्हणून ती माझ्याच वाट्याला आली. तिची भाषा हा आमच्या मोहल्ल्यात काही महिने मोठा विषय होता. ती कोकणी शिकली होती आपल्या नानीच्या मांडीवर. नानी तिच्याशी जे बोलली तेवढंच तिला येत होतं: खा, नीज, तोंड धू, रडू नको, हिकडं ये. तुम्ही, आपण, बसावं, यावं हे तिच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. अब्बांच्या ओळखीनं तिला एका ट्रस्टच्या दवाखान्यात काम मिळालं, आणि पहिल्याच आठवड्यात ट्रस्टचे म्हातारे अध्यक्ष ब्लडप्रेशर दाखवायला आले तेव्हा ती त्यांना म्हणाली, "तू बस हिकडं. हात दे. आता गप ऱ्हा." अध्यक्ष मुकाट्यानं बसले. नंतर म्हणाले, आई गेल्यापासून मला असं कोणी बोललं नव्हतं.

लूमचा, म्हणजे कापडाच्या मागांचा, आवाज मात्र तिला सोसेना. आमच्या घराला लागूनच कारखाना, दोन्ही शिफ्ट चालायचा. ती कानात कापूस घालून झोपायची. पुढे सवय झाली, इतकी की सुट्टीच्या दिवशी लूम बंद पडले की तिला जाग यायची.

ती इथं का आली, हे तिनं मला हळूहळू सांगितलं. केपटाउनमध्ये त्यांचा एक जुना मोहल्ला होता. ती शाळेत असताना सरकारनं ठरवलं की तिथं आता फक्त गोऱ्यांनी राहायचं. एकेक गल्ली रिकामी करून पाडली. मशीद तेवढी ठेवली. तिच्या घरच्यांना दूर, वाळूच्या माळावर नेऊन टाकलं. "मी नर्सिंगला असताना बसमधून तिथनं जायची," ती म्हणाली. "नुसतं गवत. आमचा जिना कुठं होता तेपण कळत न्हवतं. तवा मला वाटायचं, कुठंतरी एक घर असंल ना, जिथनं आमाला कुणी उठवलं नाय."

ते घर तिच्या नानाचं. नाना म्हणजे सत्तार, तिच्या आईचे वडील. ते खलाशी म्हणून बोटीवर चढले आणि केपला उतरले ते परत आलेच नाहीत. त्यांच्या तोंडून ऐकलेलं गावाचं नाव आणि वडिलांचं नाव एवढं तिच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. मोठं घर, दारात घोडी, खाडीवर स्वतःचा धक्का, असं नाना सांगायचे. स्वतःच्या आईबद्दल विचारलं तर म्हणायचे, ती अरबी घराण्यातली होती.

गाव आमच्यापासून लांब नाही. नाव लिहीत नाही, ती माणसं अजून तिथं आहेत. घर आम्हाला लगेच सापडलं, कारण तेवढं मोठं घर त्या गावात एकच. तिथले कासम शेठ लूमवाले, अब्बांच्या ओळखीचे. एका रविवारी अब्बा, मी आणि इशरत खाला तिकडे गेलो. तिनं नवीन सलवार-कमीज शिवली होती आणि वाटेत दोनदा मला विचारलं, "ओढणी बरोबर हाय?"

शरबत आलं, बिस्किटं आली. कासम शेठ केपटाउनबद्दल आपुलकीनं विचारत होते. मग तिनं सांगितलं, "मी सत्तारची नात. ह्या घरातला सत्तार. बोटीवर गेला तो."

शेठनी हातातला ग्लास खाली ठेवला. "त्या नावाचा आमच्यात कोणी नव्हता."

"पन नाना सांगायचा—"

"गाव मोठं आहे, बाई. दुसरं कुठलं घर असेल." मग ते अब्बांशी सुताच्या भावाबद्दल बोलायला लागले.

तेव्हा भिवंडीबाहेर राहनाळ, वळ या बाजूला गोडाऊनं उभी राहायला लागली होती आणि शेतजमिनीला कधी नव्हता असा भाव आला होता. कुठून कोण नातलग उगवेल आणि हिस्सा मागेल याची सगळ्यांना धास्ती. अब्बांनी परत येताना तिला हेच समजावलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. घरी आल्यावर तिनं कपडे बदलले, अम्मीला मासे साफ करू लागली, आणि जेवायला मात्र बसली नाही.

मला वाटलं, ही आता परत जाईल. ती गेली नाही. म्हणाली, "दवाखान्यात माणसं हायेत ना."

पुढचा पावसाळा संपता संपता कासम शेठच्या आई, जैनब दादी, पायाला जखम घेऊन दवाखान्यात आल्या. साखरेचा आजार, अंगठा काळा पडायला आलेला. मुलानं मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. तिथं पाय कापायला लागेल म्हणाले. दादी हट्टानं घरी आल्या आणि कोणीतरी सांगितलं म्हणून आमच्या दवाखान्यात. इशरत खालानं दिवसाआड त्यांची पट्टी केली. ही कोणाची आई हे तिला माहीत होतं. तिनं एका शब्दानं काही विचारलं नाही. आमच्या डॉक्टरांनी औषध बदललं, जखम हळूहळू लाल झाली, भरायला लागली.

एक दिवस दुपारी मी तिचा डबा घेऊन गेले तेव्हा दादी पाय पुढे करून बसल्या होत्या आणि खाली वाकलेल्या तिच्या डोक्याकडे बघत होत्या.

"तू इचारत कसं नाय?" दादी म्हणाल्या.

"काय इचारू?"

"सत्तार होता. माझ्या सासऱ्याचा सावत्र भाऊ. मी बघितला नाय, मी आली तवा तो जाऊन जमाना झालेला. पन सासूनं मला सांगितला होता."

इशरत खाला तिथंच फरशीवर बसली.

दादींनी सांगितलं ते असं. त्या काळी या घराचा गवताचा धंदा होता. डोंगराकडचं गवत कापून, पेंढ्या बांधून, होडीतून मुंबईला घोड्यांसाठी जायचं. कापणीला वारली बायका यायच्या. त्यांतली एक येसू. घरच्या मालकाचं, म्हणजे दादींच्या आजेसासऱ्यांचं, तिच्यावर मन बसलं. त्यानं रीतसर निकाह लावला, तिचं नाव मरियम ठेवलं. पण पहिली बायको, भाऊ, गाव, कोणी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. ती तबेल्याच्या कडेला खोपीत राहिली. सत्तार तिथंच जन्मला. मालक मेला त्याच आठवड्यात तिला निघून जायला सांगितलं. पोरगा आमच्या रक्ताचा म्हणून ठेवून घेतला, पण तबेल्यातच. एक दिवस तो गवताच्या होडीत बसला आणि मुंबईला गेला.

"माझ्या कासमला ठावं हाय," दादी म्हणाल्या. "त्याला लाज वाटती. मला जास्त वाटती, पन दुसऱ्या गोष्टीची."

मला वाटलं, इशरत खाला रडेल. तिनं पट्टी पुरी बांधली, गाठ मारली. घरी आल्यावर मला म्हणाली, "माजिदा, आमच्याकडं सरकारचा माणूस पोरांच्या केसात पेन्सिल घालून बघायचा. खाली पडली तर एक जात, अडकली तर दुसरी. त्यावरनं शाळा, त्यावरनं घर. अशा जागी नाना कसा सांगनार, माझी आय जंगलातली? मी त्याला काय बोलनार नाय." थोड्या वेळानं म्हणाली, "पन तिचं नाव तरी सांगायला पायजे होतं."

दवाखान्यात देवकी नावाची आया होती, डोंगराकडच्या पाड्यावरची. दादींनी येसूचा म्हणून जो पाडा सांगितला तो देवकीच्या माहेराला लागून. तिच्याबरोबर आम्ही दोघी गेलो. आधी एसटी, मग शेताच्या बांधांवरून चालत.

तिथं जाऊन काहीच सापडलं नाही. देवराम म्हणून एक म्हातारा होता, त्यानं सगळं ऐकून घेतलं. "येसू नावाच्या लय बाया झाल्या," तो म्हणाला. "कंची कोन सांगनार? माझ्या बापाच्या टायमाची गोठ ही." मग तिच्याकडे नीट बघून म्हणाला, "मंग आता तू आलीस ती काय पायजे तुला?"

"काय नाय. बघायला आलू."

"बघ मंग."

तिथं एका अंगणात सरू नावाची पोरगी बसली होती, दिवस भरत आलेले. इशरत खाला बोलता बोलता थांबली. सरूचा चेहरा सुजला होता, पायावर बोट दाबलं तर खळगा राहत होता. डोकं दुखतं, डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणाली. "हिला आताच्या आता न्यायला पायजे," इशरत खाला म्हणाली. सरूचा नवरा म्हणाला, भात कापायचं आहे, बाजाराच्या दिवशी आणतो. सासूनं चुलीकडे तोंड फिरवलं. मग खालाला कोकणीतलं होतं नव्हतं ते सगळं सुचलं. "तू ऐक! बाजारापर्यंत ती मरंल! तू उठ, गाडी बघ!" कोणी उठेना तेव्हा ती सरूशेजारी जमिनीवर बसली आणि मी जात नाही म्हणाली. शेवटी देवरामच उठला. डोंगरातून गवत नेणारा एक ट्रक रस्त्यावर उभा होता, त्यानं तो थांबवून ठेवला.

सरूला आधी भिवंडीला आणि तिथून ठाण्याला हलवलं. सरू वाचली, मूल वाचलं नाही. इशरत खाला तिच्या खाटेजवळ होती. परतल्यावर ती लगेच कामाला लागली. ट्रकऐवजी जीप असती तर, एवढंच मध्येमध्ये म्हणायची. अध्यक्षांपुढे जाऊन ती उभी राहिली आणि त्यांना म्हणाली, "तू मला गाडी दे." गाडी मिळाली, रविवारपुरती. तेव्हापासून दर रविवारी ती पाड्यावर जायची. पोटुशा बायकांना तपासायची, पोरांना टोचायची. सुरुवातीला बाया घरात जाऊन दार ओढून घ्यायच्या. दुसऱ्या वर्षी सरूला पुन्हा दिवस गेले तेव्हा पाचव्या महिन्यात ती स्वतःच चालत रस्त्यापर्यंत आली आणि गाडीची वाट बघत बसली. त्या वेळी मुलगी झाली, ठणठणीत.

१९९७ च्या रमजानच्या आधी जैनब दादी वारल्या. सकाळी कासम शेठचा ड्रायव्हर आमच्या दारात. "दादी सांगून गेल्यात. त्यांना आफ्रिकावाल्या बाईनंच न्हाऊ घालायचं."

आमच्यात मय्यतीला आंघोळ घरच्या बायका घालतात. दादींनी हे जाणूनबुजून केलं होतं, हे अम्मीच्या लगेच लक्षात आलं. "मला दुवा नीट येत नाय," इशरत खाला म्हणाली. अम्मी म्हणाली, "मी आहे ना तुझ्याबरोबर."

घरात गाव लोटलं होतं. कासम शेठ दारात उभे होते, डोळे लाल. आम्ही आत जायला लागलो तेव्हा एका वयस्कर पाहुणीनं विचारलं, "ही कोण?" शेठ दारातून बाजूला झाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या आजोबांचे भाऊ सत्तार, त्यांची नात. आमच्या घरातली. तिला वाट द्या."

इशरत खालानं दादींचे पाय स्वतः धुतले. भरलेल्या जखमेवरून तिनं फार सावकाश पाणी सोडलं.

त्यानंतर ईदला त्या घरून तिला बोलावणं यायचं. ती जायची, जेवायची, लवकर परत यायची. पाड्यावर जास्त रमायची.

१९९८ मध्ये केपटाउनहून फोन आला, आईला अर्धांगाचा झटका आलाय. आई एकटी. इशरत खाला महिनाभरात गेली. विमानतळावर देवकी आणि सरू दोघी आल्या होत्या, पोरीला घेऊन. सरूनं एवढी माणसं एका जागी कधी बघितली नव्हती. ती खालाचा हात सोडायलाच तयार नव्हती. खाला तिला म्हणाली, "सोड आता. पोरीला दूध पाज." आणि बॅग ओढत आत गेली.

पुढच्या ईदला तिचा फोन आला. आई काठी घेऊन चालायला लागली होती. खाला म्हणाली, आज जेवताना मी सगळ्यांना येसूचं सांगितलं. मिनाला माझ्या अब्बांना भेटलेले तिचे मामाही होते. ते ताटावरून उठले आणि घरी निघून गेले. बाकीचे खाली बघत जेवत राहिले.

"आणि आई?" मी विचारलं.

"आयनं हात थांबवला. मला इचारलं, ती दिसायला कशी होती? मी म्हटलं, कुनालाच ठावं नाय. मामा नि बाकीचे लहानपणापासून आयला नाकावरनं चिडवायचे. तू कुनावर गेलीस म्हणायचे."

फोनवर खरखर येत होती. मला वाटलं, लाइन तुटली.

"नंतर म्हणाली," इशरत खालाचा आवाज आला, "मंग माझ्यासारखी असंल."