एकाच माणसाचे पाच फोन

फोन आधी सेठचा होता. त्याने नवीन घेतला तेव्हा जुना माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "ले जा, कॉलेज में काम आएगा. काच फुटली आहे, पण अंदर से घोडा आहे."

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये सेठचा जीन्सचा कारखाना होता. कारखाना म्हणजे गल्लीतला एक गाळा आणि त्यात दाटीवाटीने मांडलेल्या मशिनी. आठवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. हिंगोलीकडच्या आमच्या गावाहून मी या गाळ्यात आलो, आधी धागे कापले, मग मशीनवर बसलो. जेवण तिथं, झोपणं तिथं. दहावी आणि बारावी बाहेरून दिली, तीही तिथूनच. सेठ स्वतः मशीनवर बसायचा आणि नव्या माणसाला एकच गोष्ट शिकवायचा. टाका सुटला, मशीन अडली, तर मध्येच गाठ मारून पुढं रेटायचं नाही. सगळा धागा काढायचा आणि रिळापासून सुईपर्यंत परत ओवायचा. "शुरू से," एवढंच म्हणायचा आणि स्वतःच्या कामाला लागायचा.

फोनच्या बाबतीतही त्याचा तोच कायदा. फोन अडला की फॉरमॅट मार. सगळं पुसून टाक, शुरू से. गल्लीच्या तोंडावरचा मोबाइलवालाही दुसरं काही करत नसे, त्यामुळे आम्हा सगळ्यांना हेच फोनचं एकमेव औषध वाटायचं.

विद्यापीठ बदलापूरच्या पुढं, जांभूळकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला. मला तिथं प्रवेश मिळाला, होस्टेलमध्ये खाट मिळाली, यावर माझाच विश्वास बसत नव्हता. त्यात प्रवेश अर्धाच होता. बाहेरून बारावी केलेल्यांना सुरुवातीलाच एक पात्रता परीक्षा होती. तीत पास झालो नाही तर प्रवेश रद्द, आणि प्रवेश नाही तर खाटही नाही. गाळ्यातल्या माझ्या मशीनवर तोवर दुसरा कारागीर बसला होता आणि मी झोपायचो त्या जागेवर तोच झोपत होता. म्हणजे मागं जायला जागा उरली नव्हती.

त्या दिवसांत मी सगळ्यांचे आभार मानत फिरायचो. मेसमध्ये पोळी वाढणाऱ्याचे, जिन्यात बाजूला होणाऱ्याचे, झाडू मारणाऱ्या मावशींचे. माझ्या खोलीत चिपळूणकडचा एक मुलगा होता, माझ्याहून बराच लहान. तो मला पहिल्या दिवसापासून काका म्हणायचा.

"काका, आत्ता तुम्ही नळाला थँक्यू म्हणालात काय?"

"नाही रे."

"म्हणालात. मी ऐकलं."

बहुतेक म्हणालोही असेन. पण आभार मानत राहणाऱ्या माणसाची एक पंचाईत असते. त्याला काही विचारता येत नाही. विचारलं तर वाटेल, एवढं देऊनही याचं पोट भरत नाही.

होस्टेलमध्ये मोबाइलची रेंज नव्हती. घरी फोन करायचा तर गेटबाहेरच्या चढावर जावं लागे. खोलीत चालायचं ते फक्त होस्टेलचं वायफाय, आणि परीक्षेचं पानही त्याच नेटवर उघडणार होतं, बाहेरच्या नेटवर नाही. कॉम्प्युटर लॅब त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या परीक्षेला दिलेली. त्यामुळे होस्टेलवाल्यांनी सोमवारी दुपारी तीन वाजता आपापल्या खोलीतून, आपापल्या फोनवर किंवा लॅपटॉपवर पेपर द्यायचा, अशी सूचना लागली. आपला आयडी, आपला पासवर्ड. एका आयडीवर दोनच यंत्रं.

शुक्रवारी मी फोन नेटला जोडला. वर पंख्यासारखी खूण आली आणि खाली अक्षरं: जोडलं आहे, इंटरनेट नाही. मी बंद करून चालू केला. तेच. रूममेट तेव्हा वर्गात होता. कुणाला विचारायचं? मी खाटेवर बसलो आणि सेठचं औषध दिलं. फॉरमॅट.

फोन कोरा होऊन उठला. नेटला जोडला, एक पान उघडलं, मी आयडी-पासवर्ड टाकला आणि सगळं चालू झालं. मला इतका आनंद झाला की पडद्यावरचा माझा फोटो गेला हे उशिरा लक्षात आलं. गावातल्या विहारापुढं माय उभी आहे, असा फोटो होता. त्याच्या जागी कुठल्या तरी निळ्या समुद्राचा फोटो आला होता. नंबरही सगळे गेले होते. नंतर बघू म्हटलं.

शनिवारी सकाळी परत तेच. जोडलं आहे, इंटरनेट नाही. मी परत फॉरमॅट मारला, परत चालू झालं. औषध लागू पडतंय म्हटल्यावर वैद्याला कोण विचारतो?

रविवारी सकाळी तिसऱ्यांदा मारला, आणि या वेळी पान उघडलं ते लाल. तुमच्या आयडीवर मर्यादेपेक्षा जास्त यंत्रं आढळली आहेत. खातं थांबवलं आहे. रेक्टर ऑफिसला भेटा.

यंत्र तर एकच होतं, माझ्या हातात. मी घाबरून आणखी एकदा फॉरमॅट मारला. मग आणखी एकदा. दर वेळी तेच लाल पान.

त्याच दुपारी गाळ्यातले दोन कारागीर मला भेटायला आले. माझी गोधडी तिथंच राहिली होती, जीन्सच्या कातरणीची, मीच शिवलेली. ती घेऊन आले, पाहुण्यांच्या खोलीत बसले, पंख्याखाली पाय पसरून म्हणाले, "नेट है क्या इधर?" मी म्हटलं, "नाही." खरंच नव्हतं.

सोमवारी सकाळी शिपाई खोलीवर आला. रेक्टर सरांनी बोलावलंय.

रेक्टर सर आवाज चढवत नसत. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं फिरवला. माझ्या नावाखाली पाच ओळी होत्या.

"हे पाच फोन कुणाचे?"

"माझाच आहे सर. एकच आहे."

"एक? मला पाच दिसतायत." त्यांनी चष्मा काढला. "काल तुझ्याकडं कोण आलं होतं?"

"कारखान्यातले होते सर. गोधडी द्यायला आले होते."

"आणि पासवर्ड घेऊन गेले."

"नाही सर."

"हे बघ, तू कामातून वर आलायस, मला कौतुक आहे. पण बाहेरच्या माणसांना नेट दिलं तर मी खातं चालू करणार नाही. मग तीनचा पेपर तू कसा देतोस ते तुझं तू बघ."

मी त्यांना फॉरमॅटचं सांगितलंच नाही. सुचलंच नाही. फॉरमॅट मारल्याने एकाचे पाच होतात हे मला कुठं ठाऊक होतं? सरांनी फोन उचलून कुणाला तरी विचारलं आणि म्हणाले, "नेटवर्कच्या मॅडम दुसऱ्या इमारतीत आहेत. तिथली नेटची पेटी ओल लागून बंद पडलीय. त्या आल्या की बघतील. तोवर बाहेर बस."

बाकड्यावर बसलो. अकरा वाजले, बारा वाजले. रूममेट जेवायला चालला होता, तो थांबला.

"काका, माझ्या फोनवरून द्या ना पेपर. मी माझ्या आयडीने जोडून देतो."

"नको."

"अहो, कुणाला कळतंय?"

"मला आधीच चोर ठरवलंय. आता तुझा फोन घेतला की पक्का ठरेन. आणि तुझंही खातं थांबवतील."

तो मेसमधून दोन केळी आणून माझ्या शेजारी ठेवून गेला. मी थँक्यू म्हटलं नाही. मनात मात्र हिशोब चालू होता. गोधडी परत गुंडाळायची, पेटी उचलायची, सेठकडं जायचं, आणि तिथं कोपऱ्यात उभं राहून काय सांगायचं?

अडीच वाजत आले तेव्हा मॅडम आल्या. मोरिवलीच्या होत्या असं नंतर कळलं. खांद्यावर वायरचं भेंडोळं, सँडलला चिखल. मला बघून म्हणाल्या, "पाच फोनवाले तुम्हीच का दादा?"

"एकच आहे मॅडम."

"आणा."

त्यांनी फोन उलटासुलटा करून पाहिला. सेटिंगमध्ये गेल्या. मग थांबल्या.

"यात काहीच नाही. एक फोटो नाही, नंबर नाही. आजच घेतला?"

"नाही, जुनाच आहे. फॉरमॅट मारला."

"कधी?"

"शुक्रवारी. शनिवारी. काल तीनदा."

"कशासाठी?"

"नेट जात होतं. आमच्याकडं, म्हणजे कारखान्यात, मशीन अडली की धागा पहिल्यापासून ओवतात."

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. खुर्ची ओढून बसल्या आणि सावकाश सांगायला लागल्या. "ऐका. तुमचा हा फोन नेटला स्वतःचा खरा नंबर, म्हणजे यंत्राची ओळख, सांगत नाही. सुरक्षेसाठी एक बनावट नंबर तयार करतो आणि आमच्या नेटला तोच सांगत राहतो. फॉरमॅट मारला की तो नंबर विसरतो, नवा तयार करतो. म्हणजे दर वेळी तुम्ही नवीन माणूस बनून दारात उभे. आमचं यंत्र काय समजणार? पाच जण आले."

"पण नेट रोज का जायचं?"

"जात नव्हतं हो. रोज सकाळी एकदा, आणि मध्येच जोडणी तुटली तर परत, पान उघडून आयडी टाकायचा असतो. हजेरीसारखं. वर निरोप येतो, त्याला बोट लावायचं."

तो निरोप मी रोज बघत होतो आणि रोज बोटाने ढकलून देत होतो. गाळ्यातल्या फोनवर वर जे येतं ते कर्जाची नाहीतर जुगाराची जाहिरात असतं. सेठने सक्त सांगितलेलं, त्याला हात लावायचा नाही.

मॅडमनी बनावट नंबरचं बटण बंद केलं. पण खातं खुलं करायला रेक्टर सरांची परवानगी लागत होती, आणि सर मेसमध्ये गेले होते. तीनला दहा मिनिटं कमी होती. मॅडम उठल्या. मी मागं मागं. सर ताकाचा पेला घेऊन उभे होते.

"सर, याने कुणाला दिलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "पाचही नोंदी याच्याच खोलीतल्या. एक बंद पडली की दुसरी सुरू. दोन एकाच वेळी कधीच नाहीत. पाच माणसं असती तर एकदा तरी एकत्र दिसली असती."

सरांनी पेला खाली ठेवला. "म्हणजे हा एकटाच?"

"एकटाच आहे सर."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "मग सकाळी बोलला का नाही हा?" हे त्यांनी मॅडमना विचारलं, मला नाही. मॅडम म्हणाल्या, "ते मला काय माहीत सर. खुलं करू का?"

"करा. करा लवकर."

मी जिना चढून खोलीत पोचलो तेव्हा पेपर सुरू झाला होता. पान उघडलं, नाव आलं, पहिला प्रश्न आला. रूममेटने कानाला हेडफोन लावून भिंतीकडं तोंड केलं होतं. मी खाली मान घालून सोडवत गेलो. पहिले प्रश्न सोपे होते, मग गणितं लागली. अर्ध्यावर आलो असेन आणि पुढचा प्रश्न येईना. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. वर अक्षरं आली. जोडलं आहे, इंटरनेट नाही.

माझं बोट सेटिंगमध्ये कधी गेलं मला कळलं नाही. फॉरमॅटचं बटण समोर होतं. फोन विचारत होता, सगळं पुसायचं का? इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप जातो. सुई अडली की दुसरं काही सुचतच नाही. मी फोन गोधडीवर पालथा ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबले.

मग परत उचलला. वरून बोट खाली ओढलं. तिथं निरोप होता, जाहिरातीसारखाच दिसणारा. त्याला बोट लावलं. आयडी विचारला, टाकला. परीक्षेचं पान जागेवर होतं. मी थांबलो होतो तोच प्रश्न.

शेवटची दोन गणितं राहिली, वेळ संपली. निकाल पुढच्या आठवड्यात लागला. यादीत माझं नाव खालून वर वाचलं तर लवकर सापडत होतं. पण होतं. खाट राहिली.

त्या सोमवारी पेपर संपल्या संपल्या मी गेटबाहेरच्या चढावर गेलो होतो. गावी आमच्या घरात फोन नाही, शेजारच्या वहिनींच्या फोनवर माय बोलते, आणि तो नंबर पुसला गेला होता. मला तोंडपाठ एकच नंबर होता, सेठचा. त्याला लावला.

"सेठ, वहिनींचा नंबर आहे का? गावचा?"

"तेरे पास नहीं है?" मागं मशिनींचा आवाज येत होता. "फॉरमॅट मारा क्या?"

"हो."

"अच्छा किया," सेठ म्हणाला आणि एकेक आकडा सांगत गेला.

वहिनींनी मायला हाक मारली. ती येईपर्यंत मी चढावर उभाच होतो. खाली होस्टेलच्या खिडक्यांत कपडे वाळत होते.

"कुठं गेलतास रं?" मायचा आवाज आला. "चार दिस झाले, ना फोन ना काई. म्या म्हनलं पोरगं आजारी हाय का काय."

"इथंच व्हतो, माय."

"मग फोन बिघडलता का?"

"न्हाई माय," मी म्हटलं. "फोन नीटच व्हता."