दैवशालानं लावलेलं कुलूप

आमच्या वर्गाच्या ग्रुपचं नाव "दहावी ब, शिस्तीत". नाव दैवशालानं ठेवलेलं. दहावी ब मध्ये शिस्त एकट्या तिच्याकडंच होती, त्यामुळं कुणी हरकत घेतली नाही. ग्रुपची अॅडमिनही तीच, एकटी. दुसरा कुणीतरी असावा असं मी एकदा सुचवलं तर म्हणाली, "एका गाडीला कंडक्टर एकच असतो."

केदारखेड्याच्या शाळेत ती पाचवीपासून मॉनिटर. सर बाहेर गेले की ही खडू घेऊन फळ्यापाशी, बोलणाऱ्यांची नावं लिहायला. माझं नाव काकासाहेब. बारशापासून मी सगळ्या गावाचा काका. तिनं पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, "एवढं लांब नाव रोज लिहायचं म्हणल्यावर खडू पुरायचा न्हाई." तेव्हापासून फळ्यावर मी नुसता "का." आणि माझ्याखाली पप्पू. एकदा तर आम्ही दोघं तोंडावर बोट ठेवून बसलो होतो, तरी आमची नावं फळ्यावर. विचारलं तर म्हणाली, "आता न्हाई तर पाच मिनिटांनी बोलणारच ना तुम्ही. टाइम वाचवला."

अशी मुलगी पुढं काय होणार? एसटीत कंडक्टर झाली. जालना-भोकरदन गाडीवर खाकी कपडे, खांद्याला बॅग आणि हातात तिकिटाचं मशीन घेऊन ती उभी राहिली की साठ माणसं आपोआप पुढं सरकायची. मी अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. सुट्टीला येताना जालन्याला तिची गाडी मिळाली की जागा मिळायची, सवलत नाही. बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं तेव्हा पप्पूनं भर गाडीत विचारलं, "वर्गमित्रांना काय हाये?"

"लुगडं नेसून ये उद्या, अर्ध्यात नेते," ती म्हणाली. अख्खी गाडी हसली. पप्पूनं मुकाट्यानं पूर्ण तिकीट काढलं आणि वर उभ्यानं आला.

लग्नाचं कुणी काढलं की तिचं उत्तर ठरलेलं होतं, "सीट रिकामी झाली की सांगते." वडील लहानपणीच गेले. घरात आई, उषाबाई. अंगणवाडीत मदतनीस. दोघींचं आपलं छान चाललं होतं.

गेल्या श्रावणात ग्रुपवर भांडण पेटलं. दिवाळीनंतर वर्गाचा स्नेहमेळावा घ्यायचा ठरला होता. पप्पूचं म्हणणं, जेवायला पनीर. बाकीच्यांचं म्हणणं, वांग्याची भाजी आणि भाकरी. पप्पूचं भोकरदनला मोबाईलचं दुकान आहे, म्हणजे इंटरनेटला तोटा नाही. त्यानं एका दुपारी पनीरचे सदतीस फोटो टाकले. एकानं त्याला उत्तर म्हणून वांग्याच्या शेताचा व्हिडिओ टाकला. मंग एकमेकांच्या घराण्यांपर्यंत गेलं सगळं. संध्याकाळी दैवशाला ड्युटीवरून आली, वाचलं, आणि दोन ओळी लिहिल्या. "आठ दिवस सगळे गप. ज्याला पनीर खायचंय त्यानं आपल्या घरी खावं." आणि तिनं ग्रुपला कुलूप लावलं. आता फक्त अॅडमिन लिहू शकणार, बाकी चाळीस जणांनी वाचायचं.

तिसऱ्या दिवशी तिला ताप आला. डेंग्यू होता. भोकरदनहून संभाजीनगरला हलवलं, पेशी उतरत गेल्या, आणि सातव्या दिवशी दैवशाला गेली. अठ्ठावीस वर्षांची.

मातीला आम्ही बहुतेक सगळे होतो. घरी परतल्यावर जो तो मोबाईल काढून बसला, आणि तिथं तेच. कुलूप. चाळीस माणसांना रडायचं होतं आणि रडायची परवानगी जिच्याकडं मागायची तीच गेली होती. पप्पूनं दुसरा ग्रुप काढून पाहिला. त्यावर बारा जण आले आणि अॅडमिन कोण यावरून त्यांचं वाजलं. तो ग्रुप दोन दिवसांत मेला. कुलूप तिच्याच मोबाईलवरून निघणार होतं. पण ज्या घरात असं झालंय तिथं जाऊन "मावशी, जरा मोबाईल द्या, ग्रुप उघडायचाय" असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? मंग सगळ्यांनी फोनाफोनी करून ते तोंड माझं ठरवलं.

बाविसाव्या दिवशी मी दुपारच्या गाडीनं केदारखेड्याला उतरलो. उषाबाईंनी चहा ठेवला. मी कामाचं कसं काढावं याचा विचार करत होतो, तर त्यांनीच दैवशालाचा मोबाईल आणून माझ्यापुढं धरला.

"हे बघ. तिच्या डेपोच्या ग्रुपवर शंभरावर माणसांनी लिवलं. माझ्या अंगणवाडीच्या बायांनी लिवलं. साड्या विकणारीचा येक ग्रुप हाये, त्याच्यावर बी लिवलं, त्याहिनं तर तिला कधी पाह्यलं बी न्हाई. अन् हा तुमचा वर्ग. रोज उघडून बघते मी. तिनं लिवलेलं वाचवत न्हाई मला, पण तुमचं येक अक्षर न्हाई. नुसते पनीरचे फोटो."

मी कप खाली ठेवला. "मावशी, तसं न्हाई ते..."

"मंग कसं हाये? जेवता जेवता तुमचंच सांगायची. काक्या असा, पप्प्या तसा. मला वाटायचं, चाळीस लेकरं हायेत हिच्यामागं. त्या दिवशी दारात आल्ते, खाली माना घालून उभे राह्यले अन् गेले. मला म्हणावं तरी कुणीतरी, मावशी, ती आमची कोण होती."

"आम्हाला लिहिताच येत न्हाई," मी म्हणालो. "तिनंच बंद केलंय. शिक्षा म्हणून. गाडीचं दार लावून घंटीची दोरी एकटीनं हातात घेतल्यासारखं."

उषाबाईंनी विचारलं, "शिक्षा कशाची?"

"पनीरची."

"पनीरची?"

"पप्पूला पनीर पाहिजे होतं. आम्हाला वांगं."

"वय किती तुमचं?"

"अठ्ठावीस, मावशी."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. मंग थोडं रडल्याही. डोळे पुसून म्हणाल्या, "किती दिवसांची दिल्ती शिक्षा?"

"आठ."

"मंग कवाच सरली की. ती आठ म्हणली म्हणजे आठ. नववा दिवस न्हाई ठेवायची ती. कुठं दाबायचं, दाखीव."

मी दाखवलं. त्यांनी चष्मा लावला आणि बोट असं दाबलं, जसं काही दाराची बेल वाजवतायत.

त्याच क्षणी माझ्या खिशात मोबाईल थरथरला. ग्रुपवर एक ओळ आली होती. दैवशालानं सर्वांना मेसेज पाठवायची परवानगी दिली आहे, अशा अर्थाची. तिच्या नावानिशी. आणि माझ्या डोक्यात उशिरा उजेड पडला. पुण्यापासून भोकरदनपर्यंत आमच्या अख्ख्या वर्गाला या घडीला दैवशाला ड्युटीवर हजर दिसली होती.

मंग पप्पूचा फोन. आवाज एकदम खाली. "काक्या, तू पाह्यलं का? मी दुकानाचं शटर ओढून बाहेर उभा राह्यलोय."

"अरे, मावशीनं उघडलंय. मी शेजारीच बसलोय त्यांच्या."

"आयला! आधी सांगायचं ना! माझं गिऱ्हाईक आत राह्यलं!"

शटर वर गेल्याचा आवाज आला, मागोमाग गिऱ्हाईकाच्या शिव्या. त्या संपल्यावर मी त्याला मावशी काय म्हणाल्या ते सांगितलं. "काय लिहू?" तो म्हणाला.

"खरं असंल ते लिही."

पहिला मेसेज त्याचाच आला. मी मोठ्यानं वाचला. "गाडीत पिचकारी मारली म्हणून तिनं मला राजूरच्या पुढं उतरवलं होतं. तीन किलोमीटर चाललो. तेव्हापासून पुडी बंद. घरी सांगितलंय की डॉक्टरनं सोडवली."

"खोटं," उषाबाई म्हणाल्या. "तिनं न्हाई उतरवलं, हाच रुसून उतरला. तिनं गाडीतूनच फोन करून मला सांगितलं, पप्प्या पायी येऊन राह्यला, माठात पाणी भरून ठेव. पाणी पेला का न्हाई इथं, इचार त्याला."

मी तसंच लिहिलं. उत्तर लगेच. "पेलो. दोन तांबे."

मंग धरणाचं दार उघडावं तसे मेसेज आले. फरहाना आता जालन्याला नर्स आहे. तिनं लिहिलं, परीक्षेच्या दिवशी तिला उशीर झाला. गाडी फाट्यावर उभी. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, लोक ओरडतायत, आणि दैवशाला खाली उतरून एकेक टायर बुटानं ठोकून बघतीय. फरहाना पळत आली तेव्हा ती सहाव्या टायरपाशी होती. "चढ लवकर," म्हणाली, "सातवा टायर कुठून आणू मी?" आणि जालन्यापर्यंत सगळ्या गाडीदेखत तिला झापत नेलं.

"हे न्हाई सांगितलं मला," उषाबाई हळूच म्हणाल्या. "परत वाच."

मी परत वाचलं. मंग पुढचं. प्रत्येकाला तिनं काहीतरी शिक्षा केली होती आणि प्रत्येकजण ती मिरवत होता. भावपूर्ण श्रद्धांजली एकानंच लिहिलं, त्याला खाली तिघांनी झापलं. मोबाईलची बॅटरी उतरली तसं उषाबाईंनी चार्जर आणला आणि वायर ताणून धरून बसल्या. रस्त्यावर चारच्या गाडीचा हॉर्न झाला. मी उठायला गेलो.

"बस. साडेपाचला दुसरी हाये. टाइम समदे पाठ हायेत मला," त्या म्हणाल्या. मंग स्क्रीनवर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत नावं बघत गेल्या. "समद्यांचं झालं. तुझं कुठं हाये?"

"मी इथंच आहे की मावशी. तोंडानं सांगतो."

"तोंडानं नको. तू जाशील साडेपाचला. मंग मी काय वाचू?"

मी मोबाईल हातात घेतला आणि काय लिहावं सुचेना. उषाबाईंनी वायर जरा सैल केली, माझ्याकडं सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "घाई न्हाई. साडेपाचची चुकली तर सकाळी सातची हाये. पण मोठं लिही."