बुरशीने खाल्लेला प्रवेश

कॅसेट हातात आली की तो आधी नाकाला लावायचा. डोळे मिटून लांब श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा, "बुरशी आहे गा. पन मानूस आत जित्ता आहे."

ब्रह्मपुरीत माझा फोटो स्टुडिओ आणि बरोबर समोर त्याचं दुकान. जुन्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून तो इंटरनेटवर चढवून द्यायचा. अशी दुकानं तुम्हीही पाहिली असतील. तशी गर्दी पाहिली नसेल. पार तिकडच्या माजरी गावापासून लोक यायचे. जंगलातला वाघ तोंडात कॅसेट धरून रांगेत दिसला असता, तरी मला नवल वाटलं नसतं. माझ्याकडे फोटो काढायला बसलेलं गिऱ्हाईकही मान तिकडेच वळवायचं. अर्ध्या तालुक्याचे पासपोर्ट फोटो एकाच कानाचे निघाले.

जळायचो मी. उगाच कशाला लपवू?

तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास लागतात. तो सगळी पाहायचा आणि काही म्हणजे काही कापायचा नाही. एका लग्नात मामा अंगठीसाठी रुसून पंगतीतून उठला होता. तेवढं काढा म्हणून मामा स्वतः हात जोडत आला.

"मामाजी, कॅसेटीत आहे ते राहीन."

मामा इंटरनेटवर अजून रुसलेला आहे.

आता माझी गोष्ट. तरुणपणी मी झाडीपट्टीच्या नाटकात राजा झालो होतो, तिकडे चामोर्शीकडच्या गावात. माझ्या मरणाच्या प्रवेशाला लोक इतके रडले, की मंडपात चिखल होऊन धान रोवता आलं असतं. हे ऐकूनच बायकोने लग्नाला होकार दिला. एक दिवस तिला ट्रंकेत त्या नाटकाची कॅसेट सापडली. नातवंडांना दाखवायची म्हणून ती थेट समोर देऊन आली.

खरं काय झालं होतं, ते मला माहीत होतं. तलवार उपसली आणि वाक्यच आठवेना. राजा कनातीखालून पळाला. लोक रडले खरे, पण हसून हसून.

मी धावत गेलो. पडद्यावर माझा मुकुट कनातीत अडकला होता.

"काऊन गा, धावत आलास?" तो म्हणाला. कापायला सांगायची माझी हिंमतच झाली नाही.

संध्याकाळी बायको आली. त्याने कॅसेट नाकाला लावली, मान हलवली. "बाई, बाकी सगळं उतरलं. मरनाचा प्रवेश तेवढा बुरशीनं खाल्ला. मी होतो ना तिथी पाह्याले. लय रडलो होतो."

तो चामोर्शीला कधी गेलाच नव्हता.

मागच्या वर्षी तो वारला. समोरचं शटर बंद असतं. बायको अजून त्या बुरशीला शिव्या देते, डोळे पुसते. जन्मभर मी हजार थापा मारल्या, प्रत्येकीवर कोणी ना कोणी हसलंच. त्याने एकच मारली. ही जळजळ आता कोणाला सांगू?